तिसऱ्या बाटलीतला तुकडा

कोळवण खोऱ्यात पिराजी मरगळेला कुणी फसवल्याचं ऐकिवात नाही, आणि पिराजीनं कुणावर भरवसा टाकल्याचंही नाही. बाजारात शेळी घ्यायची झाली तर हा गडी आधी शेळी बघत नसे, विकणाऱ्याचं तोंड बघे. मग शेळीचं तोंड उघडी, दात मोजी आणि दातांच्या धारेवरून आंगठा फिरवी. एकदा एका व्यापाऱ्यानं म्हाताऱ्या शेळीचे दात कानशीनं घासून तिला तरणी केली होती. सगळा बाजार फसला, पिराजीचा आंगठा फसला नाही. तेव्हापासून त्याचा त्या आंगठ्यावर जेवढा विश्वास होता तेवढा सख्ख्या भावावर नव्हता.

जनावरांचा डॉक्टर लस टोचायला आला की हा रिकामी बाटली मागून घेई आणि त्यावरची तारीख एकेक अक्षर लावून वाची. शेजारच्या टेकाडावर पुण्याच्या कुणा साहेबानं फार्महाऊस बांधलं, कुंपणाला कॅमेरा लावला. कॅमेऱ्याचं तोंड आपल्या शेळ्यांच्या वाडग्याकडं आहे असं वाटून पिराजीनं बांबू रोवला आणि त्याच्यापुढं घोंगडं वाळत घातलं. ते घोंगडं चार महिन्यांच्या पावसात वाळलंही नाही आणि खाली उतरलंही नाही.

त्याची बायको तुकाबाई म्हणे, "ह्यांच्या सपनात देव जरी आला, तरी हे आदी आधार कार्ड मागतील."

अशा माणसाच्या पोरीच्या किडनीत सुई घालायची वेळ आली.

करिष्मा त्याची एकुलती लेक. एकवीस वर्षांची, बारावी झालेली, भरे गावातल्या एका कंपनीत पॅकिंगला जाणारी. लहानपणापासून तिला ताप आला की लघवी कोऱ्या चहासारखी व्हायची. तुकाबाई म्हणायची उन्हाळी लागली, आणि धन्याचं पाणी पाजायची. पोरीला ऐकायलाही जरा कमी यायचं. त्यावर पिराजीचा वेगळाच संशय. "हिला कामाचं सांगितल्यालं ऐकू येत न्हाई. जेवायला हाक मारली की बरं ऐकू येतं."

मग गेल्या वर्षी तिचे पाय सुजले. लघवीला साबणासारखा फेस यायला लागला. एका दवाखान्यात चार महिने स्टिरॉइडच्या गोळ्या झाल्या. पायाची सूज तशीच राहिली आणि वर तोंड पुरीसारखं फुगलं. कंपनीतल्या पोरी विचारायला लागल्या, काय खातीस गं? शेवटी पुण्यातल्या मोठ्या इस्पितळात किडनीच्या डॉक्टर सुनीतीबाईंकडं तिला नेलं. बाईंनी कागद चाळले आणि सरळच सांगितलं.

"काका, किडनीचा बारीक तुकडा काढून तपासायला लागेल. आजार नेमका कुठला ते कळलं तर किडनी बरीच वर्षं टिकवता येईल. नाही कळलं, तर चुकीच्या औषधानं असलेलंही जाईल."

मार्गशीर्षात करिष्माचं लग्न होतं. कासारसाईला तिच्या मामाच्या, म्हणजे तुकाबाईच्या भावाच्या घरात, त्याच्या पोराशी, सिद्धनाथशी. साखरपुडा होऊन गेला होता. पिराजीनं पोरीकडं बघितलं, बाईंकडं बघितलं, आणि विचारलं, "तुकडा काडल्यावर राहिल्याली किडनी जागंवर हाय का न्हाई, ते आमाला कोन दावनार?"

बाई हसल्या नाहीत. "सोनोग्राफीत मी स्वतः दाखवीन," म्हणाल्या.

भरती करताना पियूष नावाचा तरणा डॉक्टर फॉर्म भरायला बसला. वय, गाव, आधीचे आजार. जवळचा माणूस म्हणून फोन नंबर मागितला तेव्हा पिराजीनं पौडच्या शब्बीर मटणवाल्याचा दिला. भावाचा दिला नाही. मग पियूषनं मान वर न करता विचारलं, "नात्यात लग्न झालंय का तुमचं?"

पिराजीच्या कपाळाची शीर ताठ झाली. "डाक्टर, आमी शेरडं राखत आसू. पर नात्यात लगीन करनारं खानदान न्हाई आमचं."

"म्हणजे नाही?"

"न्हाई म्हंजी न्हाई. ल्हिवा तसं."

पियूषनं लिहिलं. तुकाबाई तेव्हा औषधाच्या रांगेत होती. आधीच्या दवाखान्यातही हा प्रश्न विचारला होता, आणि तिथंही पिराजीनं असंच ताडकन उत्तर दिलं होतं. डॉक्टर लोकांना असले वंगाळ प्रश्न कशाला लागतात, हे त्याला कळत नव्हतं.

सुई घातली त्या दिवशी त्याला आत घेतलं नाही. दाराच्या काचेला नाक लावून तो उभा राहिला. काच खरबरीत होती, आतलं फक्त हिरवं-पांढरं हललेलं दिसायचं. अर्ध्या तासानं करिष्माला बाहेर आणलं. कमरेला पट्टी, उताणी झोपवलेली, सहा तास हलायचं नाही म्हणून सांगितलेली. तिच्यामागून एक नर्स बाहेर आली. तिच्या हातातल्या ट्रेमध्ये तीन बाटल्या होत्या.

पिराजीनं पोरीआधी बाटल्या मोजल्या.

"बाई, येक तुकडा म्हनाला हुता. ह्या तीन कशा?"

सुनीतीबाई हातमोजे काढत होत्या. तिथंच उभ्या राहून त्यांनी समजावलं. शेवईएवढा बारीक तुकडा, त्याचेच भाग केलेत. पहिल्या बाटलीतला साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. दुसऱ्यातल्याला चमकणारा रंग लावून अंधारात बघायचं. तिसरा दुसऱ्या शहरात जाणार, कारण त्याला लागणारं मोठं मशीन सगळीकडं नसतं. त्या मशीनमध्ये उजेडानं बघत नाहीत, विजेच्या कणांनी बघतात. केसाच्या हजाराव्या भागाएवढंही त्यात दिसतं.

"आन् येवडं बारीक कापता कशानं?"

"हिऱ्याच्या सुरीनं."

पिराजीचा संशय आता पुरता पिकला. किडनी पुण्यात, पोरगी पुण्यात, डॉक्टर पुण्यात. मग तुकडा परगावी कशाला? आणि एवढ्याशा मांसाला हिरा?

दुसऱ्या दिवशी करिष्माजवळ तुकाबाईला बसवून तो पौडला आला. शब्बीरचं बाजारात मटणाचं दुकान. तीस वर्षं पिराजीची बोकडं तिथं जात होती, आणि तीस वर्षं पिराजी शब्बीरच्या काट्याकडं वाकून बघत होता. शब्बीरनं ते कधी मनावर घेतलं नाही. तो म्हणायचा, पिराजी वाकला नाही तर मला चुकल्यासारखं होतं.

"शब्बीर, किडनीचा तुकडा काडला तर मानूस जगतंय का?"

"केवडा काडला?"

"शेवईयेवडा म्हनती बाई. पर बाटल्या तीन भरल्या."

शब्बीरनं टांगलेल्या बोकडाचा गुर्दा काढला, चरबी सोलली आणि मधोमध चिरला. "ह्ये बघ. ही भायेरची लाल कड. समीना सांगत हुती, गाळायचं सगळं काम ह्या कडंतच चालतं." समीना त्याची पोरगी, लॅबचा कोर्स करत होती. शब्बीरनं कडेवरून सुरीच्या टोकानं एक सळई काढली, केसापेक्षा जरा जाड, आणि ओंडक्यावर ठेवली. "ह्यो तुजा तुकडा. ह्यात कुनाचं काय भागनार हाय रं? माजं मांजर बी येवड्यासाटी उठायचं न्हाई."

ओंडक्याखालचं मांजर खरंच उठलं नाही. पिराजीला जरा बरं वाटलं. मग त्यानं हिऱ्याच्या सुरीचं सांगितलं.

शब्बीरचा हात थांबला. "हिऱ्याची सुरी?" त्यानं आपली सुरी उजेडात धरली, धारेवरून बोट फिरवलं. "चाळीस वर्सं झाली मला ह्या धंद्यात. मांसाला हिरा लावल्याला मी आजून ऐकला न्हाई. हितं मातूर मला बी संशय येतुया, पिराजी."

एवढं पुरे झालं. पिराजी तसाच माघारी पुण्याला, थेट इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत. तिथला डॉक्टर निरंजन, चष्मेवाला, डबा खात बसलेला.

"मरगळे करिष्मा. तिचा तुकडा दावा."

"कशाला, काका?"

"माजी पोरगी हाय. तुकडा बी माजाच."

निरंजननं डबा झाकला. असली माणसं त्याला नवीन नसावीत. त्यानं काचेची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि पिराजीला खुर्चीवर बसवलं. बराच वेळ पिराजीला आपल्याच पापण्या दिसल्या. मग एकदम गुलाबी-जांभळं रान उघडलं, आणि त्यात मधेमधे गोल गोल घोस.

"करवंदाचे घोस हायेत ह्ये."

"तेच गाळणीचे घोस. रक्त त्यातून गाळलं जातं. बरेचसे ठीक दिसतायत. एखाददुसरा वाळलाय."

"मंग रोग कुटं हाय?"

"ह्यात कळत नाही. म्हणून दुसरं." निरंजननं त्याला शेजारच्या खोलीत नेलं, दिवा मालवला. "काही आजारांत हे घोस हिरवेगार चमकतात. आता बघा."

पिराजीनं डोळा लावला. काळोख. सगळा काळोख.

"कायबी न्हाई हितं."

"बरोबर. काही चमकत नाही, म्हणजे ते आजार नाहीत. हाच रिपोर्ट."

पिराजी उठून उभा राहिला. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस तो; पण अंधार दाखवून त्याला रिपोर्ट म्हणणारा माणूस त्याला आजवर भेटला नव्हता. "डाक्टर," तो म्हणाला, "उद्या मी मोकळं वाडगं दावून म्हनीन की ह्या दोनशे शेळ्या. चालंल?"

"नाही चालणार," निरंजन म्हणाला. "पण वाडगं मोकळं आहे हे तर खरं असेल ना? लांडगा आत नाही, एवढं तर कळलं. आता तिसऱ्या तुकड्याची वाट बघू."

हे उत्तर पिराजीला आवडलं, आणि आवडलं म्हणूनच त्यानं ते लगेच मानलं नाही. गोड बोलणाऱ्याचे दात आधी बघावेत.

तीन आठवडे गेले. या तीन आठवड्यांत पिराजीनं दर सोमवारी पियूषला फोन केला आणि दर वेळी विचारलं, तुकडा पोचल्याची पावती आली का? पोचल्याची पावती खरंच आली होती, असं तिसऱ्या फोनला कळलं. मग त्यानं पावती पाठवणारा कोण, ते विचारलं.

रिपोर्ट आला तेव्हा सुनीतीबाईंनी तिघांनाही बोलावलं. टेबलावर दोन काळे-पांढरे फोटो ठेवले.

"हे निरोगी माणसाचं," बाई म्हणाल्या. "गाळणीचं फडकं समजा. ही करडी पट्टी सगळीकडं सारखी आहे. आणि हे करिष्माचं."

दुसऱ्या फोटोत पट्टी एका जागी केसासारखी बारीक, तर दुसऱ्या जागी जाड आणि फाटलेली. तिचे पापुद्रे सुटून एकमेकांत शिरलेले.

"आम्ही याला टोपलीची वीण म्हणतो."

पिराजीनं फोटो हातात घेतला, आंगठा त्या पट्टीवरून फिरवला. कागद गुळगुळीत होता. आंगठ्याला काहीच लागलं नाही. "टोपली न्हाई बाई ही. टोपलीची वीन सरळ आसती. ह्ये उंदरानं खाल्ल्यालं घोंगडं हाय."

"तसं म्हणा. फडक्याचा धागाच जन्मापासून कच्चा. असाच धागा कानाच्या आत असतो, म्हणून तिला कमी ऐकू येतं. स्टिरॉइडनं धागा सुधारत नाही. त्या गोळ्या आपण हळूहळू बंद करू."

तुकाबाईनं पदर तोंडाला लावला. करिष्मा फोटोकडं बघत होती. पिराजीनं पोरीकडं बघायचं टाळलं. कामाचं ऐकू येत न्हाई, हे त्याचं बोलणं साऱ्या वाडीनं ऐकलेलं होतं.

बाई पुढं म्हणाल्या, "मुलीला हा आजार इतका जोरात असला, की बहुतेक वेळा कच्चा धागा आई आणि वडील दोघांकडून आलेला असतो. म्हणून विचारते. लग्नाआधी तुम्ही दोघं एकमेकांचे कोण होता?"

पिराजीच्या मनात सर्रकन एकच आलं, ह्या बाईला कुणीतरी सांगितलंय. कोण? इथं आपल्याला ओळखणारा कोण? फॉर्मवर नंबर कुणाचा होता?

"बाई, जरा थांबा," म्हणून तो व्हरांड्यात गेला आणि त्यानं फोन लावला.

"शब्बऱ्या, हितल्या डाक्टरीनबाईला तू माज्या लग्नाचं काय बोललास?"

"तुज्या लग्नाचं?" पलीकडून सुरीचा ठोका ऐकू आला. "तुज्या लग्नात मला मटान कमी पडलं हुतं, येवडंच मी तीस वर्सं बोलतुया. आन् ते मी सगळ्यास्नीच सांगतु."

पिराजी आत आला तेव्हा तुकाबाईनं सांगूनही टाकलं होतं. "कोन म्हंजी काय, बाई? ह्ये माज्या आत्याचं पोर. लहानपनापास्नं ठरल्यालं."

सुनीतीबाईंनी फॉर्म उलटला. "इथं तर 'नात्यात लग्न नाही' असं लिहिलंय."

"मंग बराबरच ल्हिवलंय की," पिराजी म्हणाला. "ते नातं कुटं? ती सोयरीक."

"म्हणजे?"

"म्हंजी काय म्हंजी? येका आडनावाची, येका देवकाची ती नाती. ती भावकी. भावकीतली पोरगी म्हंजी भैन, तिच्यासंगं कोन लगीन करील? मामाचं घर म्हंजी सोयरं. सोयऱ्यात लगीन करत्यात, नात्यात न्हाई. ह्ये तुमास्नी शाळंत शिकवलं न्हाई व्हय?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. पियूष मागं उभा होता. त्याचं तोंड पडलं.

"नाही शिकवलं, काका," बाई म्हणाल्या. "आम्ही नातं म्हणतो तेव्हा रक्त धरतो. तुम्ही आडनाव धरता. पहिल्या दवाखान्यातही तुम्ही नाहीच म्हणालात. हो म्हटलं असतं, तर या आजाराचा विचार आधी झाला असता. कदाचित त्या चार महिन्यांच्या गोळ्या झाल्याच नसत्या. विचारायला आम्हीही चुकलो."

पिराजीला शेवटचं वाक्य ऐकू आलं नाही. त्यानं करिष्माच्या फुगलेल्या तोंडाकडं बघितलं. जगात ज्याच्या-त्याच्या बोलण्यावर त्यानं संशय घेतला होता. स्वतः दिलेल्या उत्तरावर एकदाही घेतला नव्हता.

"मंग ह्ये फोटोवरनं कळलं म्हनायचं तुमाला," तो एवढंच म्हणाला. "फोटोत माजं लगीन दिसलं."

"लगीन नाही दिसलं. कच्चा धागा दिसला. मग विचारलं." बाई म्हणाल्या. "आणि आता करिष्माचं लग्न मामाच्या मुलाशी आहे. त्याच्यातही एक कच्चा धागा असला, तर होणाऱ्या प्रत्येक पोरापाठी निम्मा धोका. त्याचं रक्त तपासल्याशिवाय लग्न करू नका."

कासारसाईला जायचं पिराजीनं दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी करिष्माच एस्टीची वेळ विचारून तयार होऊन बसली. "तुमी न्हाई आला तर मी जातीया," ती म्हणाली. मग तिघंही गेले.

तुकाबाईचा भाऊ धुळाजी धरणाच्या वरच्या अंगाला राहायचा. त्याचीही शेरडं होती. पोरगा सिद्धनाथ हिंजवडीला कंपनीची बस चालवायचा. धुळाजीनं चहा दिला, ऐकून घेतलं, आणि कपाला हातही न लावता म्हणाला, "दाजी, पोरगी द्याची नसंल तर सरळ सांगा. मशिनीचं नाव कशाला पुढं करता? दुसरं बरं स्थळ आलंय का?"

पिराजी उभा राहिला. आयुष्यभर लोकांवर त्यानं जी नजर टाकली होती, ती आज त्याच्यावर पडली होती. अंगावर खाजकुयली सांडल्यासारखं त्याला झालं. "मी खोटं बोलतुया व्हय?"

"तुमी कवा कुनाचं खरं मानलं, म्हून मी तुमचं मानू?"

"फोटो बघ, फोटो!"

"फोटो मोबाईलवर पोरं कसलेबी काडत्यात."

तेव्हा तुकाबाई बोलली. "दादा, आपला थोरला कशानं गेला?"

तुकाबाईचा आणि धुळाजीचा थोरला भाऊ बिरा बाविसाव्या वर्षी गेला होता. अंगानं सुजलेला, कानानं ठार बहिरा. बांधाशेजारच्या माणसानं करणी केली, असं धरून या घरानं त्या घराशी तीस वर्षं बोलणं टाकलं होतं. पिराजीनंही ते धरलं होतं. उलट त्यानंच शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर लिंबू बघितल्याचं शपथेवर सांगितलं होतं.

"त्येला करनी झाली हुती," धुळाजी म्हणाला, पण सावकाश.

"आन् आपल्या आईबाचं काय? ती बी आत्या-मामाचीच पोरं. ह्या पोरीला बी ऐकू येत न्हाई, ही बी सुजलीया. हिच्यावर कुनी करनी केली? मी?"

धुळाजीनं बायकोकडं बघितलं, पिराजीकडं बघितलं. तरी त्याचा हट्ट सुटेना. "आपन काय नात्यातली हाय का? सोयरी हाय आपन. पिढ्यान् पिढ्या असंच चाललंय."

आतापर्यंत करिष्मा दाराशी बसून होती. मामाचं शेवटचं बोलणं तिनं ऐकलं का ओठांवरून ओळखलं, कोण जाणे. तिनं विचारलं, "मामा, शेरडांच्या खांडातला बोकड तुमी दर दोन वर्साला का बदलता?"

सगळे तिच्याकडं वळले.

"त्याच्याच पोरी त्याला लागू नयेत म्हून," ती म्हणाली. "मंग करडं मरतुकडी व्हत्यात, तुमीच शिकवलंय. बोकडाला कुटं आडनाव आसतं?"

सिद्धनाथला हसू आवरलं नाही. धुळाजीनं त्याच्याकडं डोळे वटारले. "तुला दात काडायला काय झालं रं? तुजीच बायकू म्हनतीया तुला बोकड!"

"म्हनू द्या की, बरूबर म्हनतीया. मी देतो रगात, मामा," सिद्धनाथ पिराजीला म्हणाला. "कवा येऊ?"

परतीच्या एस्टीत पिराजी खिडकीबाहेर बघत बसला होता. कासारसाईचं पाणी मागं गेल्यावर तो तुकाबाईला हळूच म्हणाला, "त्यो पोरगा येवड्या बिगीनं कसा कबूल झाला गं?"

"चांगला हाय म्हून," तुकाबाई म्हणाली, आणि तोंड फिरवून बसली.

चांगलाच होता. पण रक्तात एक कच्चा धागा निघाला. सुनीतीबाईंनी कागदावर रेघा मारून दाखवलं, आणि या वेळी पिराजीनं एकही प्रश्न विचारला नाही. मार्गशीर्षातलं लग्न मोडलं. करिष्मानंच सिद्धनाथला फोन केला. तीन मिनिटं बोलली, मग भाकरी थापायला बसली. धुळाजी पुढं चार महिने बोलत नव्हता. मग एकदा त्याचा बोकड विकायचा निघाला तेव्हा बोलला.

करिष्माच्या तोंडाची सूज उतरली. कानाला यंत्र बसलं. नवी एक गोळी सुरू झाली, ती प्रेशरची. पोरीला प्रेशर नसताना प्रेशरची गोळी कशाला, यावरून पिराजीनं पंधरा दिवस पियूषचं डोकं खाल्लं. किडनीतून गळणारं कमी व्हायला तीच देतात, असं पियूषनं पाच वेळा सांगितलं. तरी पिराजीनं काय केलं? पोरीची लघवी दोन बाटल्यांत भरली, एक पौडच्या लॅबमध्ये तिच्या नावानं दिली, दुसरी पिरंगुटच्या लॅबमध्ये स्वतःच्या नावानं. दोन्हीकडून कागद आले. गळती आधीपेक्षा निम्म्यावर, दोन्हीकडं सारखीच. दोन अनोळखी माणसं एकच गोष्ट बोलतायत हे त्याच्या आयुष्यात प्रथमच घडलं. तेव्हापासून गोळीची वेळ झाली की तोच घड्याळ बघतो.

आता करिष्माला स्थळं येतात. आमच्याकडं रीत अशी, की पाहुणे आले की आधी सोयरं काढायचं. तुमची आत्या कुठं दिली, आमचा चुलता कुणाचा जावई. धागा जुळला की माणूस ओळखीचा झाला आणि मग चहात साखर जास्त पडली. पिराजीच्या घरी उलटं झालंय. पाहुण्यानं नुसतं म्हणावं, "म्हंजी तुमची आजी आमच्या..." की पिराजी हात वर करतो.

"जुळतंय व्हय? मंग न्हाई जमायचं. च्या घ्या."

लोक संशय घेतात. हा गडी पोरगी अनोळखी घरात द्यायला का बघतोय? काय लपवतोय? पिराजी काही लपवत नाही. करिष्माची अटच तशी आहे; येईल त्याला फोटो दाखवायचा. बरेच जण तो लांबूनच बघतात आणि उठतात.

परवा पुरंदरकडून एकजण आला. पोराचा बाप, शाळेतला शिपाई. तासभर दोघांनी पिढ्या धुंडाळल्या. एकाही जागी गाठ पडली नाही. मग पिराजीनं फोटो काढला. त्या माणसानं तो उलटा केला, सुलटा केला, खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"ह्यो कुटल्या अंगानं बघायचा?"

पिराजीनं त्याच्या डोळ्यांकडं बघितलं. मग खाटेवर आपल्याशेजारी जागा केली. "हिकडं सरका," तो म्हणाला. "ही पट्टी दिसतीया का? हितनं बघा. आन् काय कळलं न्हाई तर न्हाई कळलं म्हना. मला बी न्हवतं कळलं."